व्हेंटिलेटरवरच्या किशोरवयीन पेशंटची रात्र: सेडेशन आणि झोप यांचा क्रम कसा लावायचा

नाईट ड्युटीला हमखास घडणारा प्रकार असा. चौदा-सोळा वर्षांचा पेशंट, तोंडात श्वासाची ट्यूब, रात्री अकराच्या सुमारास चुळबुळ सुरू होते. हात ट्यूबकडे जातो, अलार्म वाजतो, कोणीतरी सेडेशनसाठी, म्हणजे गुंगी आणण्यासाठी, मिडाझोलामचा बोलस (एकदम दिलेला डोस) देतं आणि इन्फ्युजनही (पंपातून सतत जाणारं औषध) थोडं वर जातं. पेशंट निपचित पडतो. सकाळी हँडओव्हरमध्ये 'रात्रभर छान झोपला' असं सांगितलं जातं. दुपारी तोच पेशंट टक्क डोळ्यांनी छताकडे बघत बसतो, आईकडे बघूनही ओळख दाखवत नाही, आणि संध्याकाळ झाली की पुन्हा चुळबुळ, पुन्हा बोलस.

यात औषधाच्या निवडीपेक्षा कामांच्या क्रमाची चूक मोठी असते. रात्रीची तयारी रात्री अकराला करता येत नाही, ती सकाळच्या राउंडपासून करावी लागते. दुसरं म्हणजे गुंगीत पडलेल्या पेशंटला आपण झोपलेला समजतो. मिडाझोलाम गाढ झोपेचा टप्पा (एन-३) आणि स्वप्नांची झोप (आरईएम) दोन्ही कमी करतं. फेन्टानिल आणि मॉर्फिन ही ओपिऑइड गटातली वेदनाशामकंही तेच करतात. डेक्समेडेटोमिडिनची गुंगी नैसर्गिक झोपेच्या एन-२ (मधल्या) टप्प्याशी बरीच मिळतीजुळती असते, पण आरईएम तेही देत नाही. म्हणजे पूर्ण झोप कोणत्याच पंपातून मिळत नाही. ती पेशंटच्या मेंदूलाच घ्यावी लागते आणि आपण फक्त आड येणाऱ्या गोष्टी दूर करू शकतो.

हा लेख बालरोग आयसीयूतल्या सिस्टर, ब्रदर आणि निवासी डॉक्टरांसाठी आहे. डोस तुमच्या युनिटच्या प्रोटोकॉलप्रमाणे आणि वरिष्ठांच्या निर्णयाने ठरतील, म्हणून ते इथे दिलेले नाहीत.

## आधी हे ठरवा: पेशंट या क्रमात बसतो का?

डोक्यातला दाब वाढलेला, फिट थांबत नसलेला, गंभीर एआरडीएस (फुप्फुसं सुजून पाण्याने भरणारा आजार) असून स्नायू शिथिल करणारं औषध चालू असलेला, फुप्फुसांच्या रक्तदाबाचे झटके येणारा पेशंट. अशांना खोल सेडेशन गरजेचं असू शकतं, आणि तिथे झोपेसाठी सेडेशन हलकं करायचा प्रयोग नको. प्रकाश, आवाज आणि कामं एकत्र करणं या गोष्टी मात्र त्यांच्यासाठीही पाळता येतात.

थांबा: व्हेक्युरोनियम किंवा स्नायू शिथिल करणारं तत्सम औषध चालू असेल तर सेडेशनचं कोणतंही वर्तनावर आधारित स्केल चालत नाही. पेशंट पूर्ण जागा असूनही स्कोअर 'शांत' येईल. अशा वेळी नाडी आणि बीपी अचानक वाढणं, डोळ्यांत पाणी, घाम यांकडे लक्ष ठेवा. ट्रेन-ऑफ-फोरने (नसेला चार हलके विजेचे झटके देऊन केलेल्या तपासणीने) स्नायू किती शिथिल आहेत ते कळतं, पेशंट जागा आहे की नाही ते कळत नाही. शिथिल करणारं औषध उतरल्याची खात्री होईपर्यंत सेडेशन कमी करू नका.

## पायरी १: पहिल्या दिवशी घरची माहिती घ्या

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते, आणि तिला लागतात जेमतेम दहा मिनिटं.

पालकांना विचारा: सुट्टीच्या दिवशी मुलगा किंवा मुलगी किती वाजता झोपते आणि आपणहून किती वाजता उठते? शाळेच्या दिवसाची वेळ विचारू नका, ती गजराने लादलेली असते. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, मेलाटोनिन उशिरा स्रवायला लागतं. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, पण ती रात्री नऊला सुरू होत नाही. अनेकांची खरी रात्र साडेअकरा-बाराला सुरू होऊन सकाळी आठ-नऊला संपते. आपल्या युनिटचं वेळापत्रक मात्र लहान बाळांच्या हिशोबाने बनलेलं असतं: नऊला दिवे बंद, पाचला स्पंजिंग. पहाटे पाच ही या पेशंटची मध्यरात्र असते. मला विचाराल तर या एका विसंगतीने जेवढी झोप जाते, तेवढी अलार्मनेही जात नसेल.

बाकीचे प्रश्न:

- चष्मा आहे का, श्रवणयंत्र आहे का? ते आत्ता कुठे आहे?
- अंधारात झोपायची सवय आहे की दिवा लागतो? कोणत्या कुशीवर?
- घोरणं, झोपेत श्वास अडकणं?
- रोजची औषधं: फिटची, एकाग्रतेसाठीची, नैराश्याची. यातली काही अचानक बंद पडली तरी अस्वस्थता येते.
- तंबाखू, व्हेपिंग, दारू, गांजा. हा प्रश्न पालकांसमोर नको, आणि सुरात कसलाही आरोप नको. निकोटिन अचानक तुटल्याची तगमग 'सेडेशन कमी पडतंय' अशी दिसते.
- मुलगी असेल तर पाळीची तारीख आणि पोटात दुखण्याचा त्रास. ट्यूब असलेली मुलगी हे स्वतः सांगू शकत नाही, आणि लाजेने खुणेनेही सांगत नाही.

तपासा: ही उत्तरं फाइलसोबत बेडजवळच्या बोर्डावरही आली का? खाजगी बाबी अर्थातच फक्त फाइलमध्ये.

## पायरी २: राउंडमध्ये सेडेशनचं लक्ष्य आकड्यात लिहा

'हलकं सेडेशन ठेवा' ही ऑर्डर नव्हे. दोन सिस्टर तिचे दोन अर्थ लावतील. युनिटमध्ये जे स्केल वापरता त्यातला आकडा लिहा. रास स्केल +४ (फार आक्रमक) ते −५ (कशालाच प्रतिसाद नाही) असतं, ० म्हणजे जागा आणि शांत. स्थिर पेशंटसाठी बहुतेक वेळा ० ते −२ पुरतं. एसबीएस (स्टेट बिहेवियरल स्केल) +२ ते −३ असतं. कॉम्फर्ट-बी ६ ते ३० असतं; त्यात ११च्या खाली सेडेशन जास्त आणि २२च्या वर कमी, असं साधारण धरतात. एकच स्केल निवडा आणि सगळ्या शिफ्टना तेच वापरू द्या.

रात्रीसाठी वेगळं, अधिक खोल लक्ष्य ठेवू नका. ही सवय बऱ्याच युनिटमध्ये आहे, आणि सकाळी डोस पुन्हा खाली आणायला कोणी येत नाही.

आणखी दोन सापळे याच वेळी बघून घ्या. पहिला वजनाचा. पंचाहत्तर किलोच्या मुलाला किलोमागे हिशोब करून डोस लावला की तो प्रौढाच्या कमाल डोसच्याही पुढे जाऊ शकतो. हिशोब झाला की प्रौढाची मर्यादा बघा. लठ्ठ पेशंटमध्ये कोणतं वजन धरायचं ते फार्मासिस्टला विचारा. दुसरा किडनीचा. किडनी नीट चालत नसेल तर मिडाझोलाम आणि मॉर्फिन यांचे शरीरात तयार होणारे, स्वतःही गुंगी आणणारे घटक साचत जातात. पंपाचा आकडा तोच राहतो, पेशंट मात्र खोल जात राहतो.

सेडेशन नुसतं हलकं केलं की काम झालं, असाही एक गैरसमज आहे. अमेरिकेतल्या ३१ बालरोग आयसीयूंमध्ये २४४९ मुलांवर झालेल्या 'रिस्टोअर' अभ्यासात (२०१५) सिस्टरांनी चालवलेल्या सेडेशन प्रोटोकॉलमुळे व्हेंटिलेटरचे दिवस कमी झाले नाहीत. मुलं जास्त वेळ जागी आणि शांत होती, औषधांचे प्रकारही कमी लागले. पण दुखण्याच्या आणि अस्वस्थतेच्या नोंदी असलेले दिवसही वाढले. सेडेशन कमी करताना दुखण्याची वेगळी, नियमित तपासणी नसेल तर त्याची किंमत पेशंट मोजतो.

तपासा: दुखण्याचा स्कोअर आणि सेडेशनचा स्कोअर चार्टवर दोन वेगळ्या रकान्यांत आहेत का? एकाच रकान्यात असतील तर आजच वेगळे करा.

## पायरी ३: दिवसाला दिवस बनवा

पडदे उघडा, मोठे दिवे लावा, चष्मा घाला. तारीख, वार, वेळ आणि आज काय होणार आहे ते सांगा, पेशंट ऐकतोय असं धरूनच. स्थिर असेल तर फिजिओथेरपी दुपारच्या आत: बिछान्यात हातपाय हलवणं, बसवणं, जमल्यास पाय खाली सोडून बसवणं. ट्यूब असताना बसवायला किमान दोन माणसं हवीत, आणि त्यातल्या एकाचा हात फक्त ट्यूबवर.

बोलता न येणं हा या वयातला फार मोठा ताण असतो. अक्षरांचा तक्ता, पाटी किंवा वही द्या. स्वतःचा फोन हे दिवसा उत्तम साधन आहे: मित्रांचे निरोप, ओळखीची गाणी, टाइप करून उत्तर देणं. झोपेच्या तासभर आधी तो बाजूला ठेवायचा, हे मात्र सकाळीच ठरवून घ्या. रात्री हातातून काढून घेतला तर भांडण ठरलेलं.

दुपारची झोप बंद करू नका. आजारी शरीराची बरीच झोप दिवसाच होते. एक शांत तास द्या, पण तो चारच्या आत संपवा.

स्टेरॉइड चालू असेल आणि आजारामुळे दुसरी वेळ गरजेची नसेल, तर सकाळी द्या. स्वतःच्या श्वासावर ठेवून बघण्याची चाचणीही सकाळीच घ्या. संध्याकाळी थकवलेला पेशंट रात्री झोपत नाही, तो श्वासाशी झगडत राहतो.

## पायरी ४: संध्याकाळी सात ते दहा, रात्रीची तयारी

इथे घाई केली तर पुढची सगळी रात्र निस्तरत बसावं लागतं. क्रम असा ठेवा.

४.१ कामं पुढे ओढा. स्पंजिंग, ड्रेसिंग, ट्यूबची टेप बदलणं, तोंडाची स्वच्छता, चादर, ईसीजीच्या सुटत आलेल्या पट्ट्या, बोटावरच्या प्रोबची जागा. सगळं रात्री दहाच्या आत.

४.२ ऑर्डर चाळा. पहाटे चारचं रक्त खरंच चारला हवं आहे का, की राउंडआधी आठला चालेल? पहाटेचा एक्स-रे? दर तासाला डोळ्यांच्या बाहुल्या बघण्याची ऑर्डर तीन दिवसांपूर्वीची आहे आणि कोणी थांबवलेलीच नाही, असं कितीतरी वेळा निघतं. हे प्रश्न निवासी डॉक्टरला सात वाजता विचारा. दोन वाजता विचारले तर 'चालू ठेवा' हेच उत्तर येईल. शिरेतून जाणारी अँटिबायोटिक्स लांब एक्स्टेन्शनवरून पेशंटला हात न लावता देता येतात, त्यामुळे त्यांची वेळ बदलण्याच्या खटपटीत पडू नका. नेब्युलायझेशन 'सवयीने चार तासांनी' चालू असेल तर ते गरजेपुरतं करता येईल का ते विचारा.

४.३ व्हेंटिलेटर बघा. झोपमोड करणारी ही मोठी गोष्ट, आणि झोपेच्या चर्चेत ती कधीच येत नाही. तीन प्रकार ओळखा:

- नळीत साचलेलं पाणी. ते हललं की मशीनला पेशंटचा श्वास वाटतो आणि ते नको तेव्हा श्वास देतं. शांत वेळ सुरू होण्याआधी पाणी काढा.
- आधार कमी पडतोय: घाम, मानेचे स्नायू ओढले जाणं, मशीन आणि छाती यांचा मेळ नसणं. याला गुंगी हा उपाय नाही, सेटिंग बदलावी लागते.
- आधार जास्त होतोय. हा प्रकार फसवा. प्रेशर सपोर्टवर (पेशंट स्वतः श्वास घेतो आणि मशीन दाबाने मदत करतं, त्या मोडवर) पेशंट जागा असताना सगळं ठीक दिसतं. झोप लागली की कार्बन डायऑक्साइड खाली जातो, श्वास थांबतो, ॲप्निआचा अलार्म वाजतो, पेशंट दचकून जागा होतो. पुन्हा डोळा लागला की पुन्हा तेच. फक्त झोपेत येणारा ॲप्निआ दिसला तर आधी ओपिऑइडचा डोस आणि प्रेशर सपोर्ट बघा. सपोर्ट कमी करायचा की रात्रीपुरता ठरावीक रेट असलेला मोड लावायचा, ते डॉक्टर ठरवतील.

४.४ अलार्मच्या मर्यादा या पेशंटप्रमाणे लावा. सतरा वर्षांच्या मुलाची नाडी झोपेत पन्नाशीत जाऊ शकते, आणि डेक्समेडेटोमिडिन चालू असेल तर आणखी खाली. मॉनिटर लहान मुलाच्या मर्यादांवर राहिला तर रात्रभर विनाकारण बोंबलत राहील. मर्यादा डॉक्टरांशी बोलून ठरवा आणि लिहा.

थांबा: अलार्म बंद करणं किंवा आवाज शून्यावर नेणं कधीच नाही. आवाज कमी करायचा तर सेंट्रल मॉनिटरसमोर माणूस बसलेला असला पाहिजे.

४.५ प्रकाश आणि आवाज. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार रुग्णखोलीत रात्रीचा सरासरी आवाज ३० डेसिबलच्या आसपास असावा. चालत्या आयसीयूत तो सहज ५०च्या वर असतो, त्यामुळे ३० गाठण्याचं स्वप्न बघू नका. पण आपलं बोलणं आपल्या हातात आहे. बेडजवळ उभं राहून केलेली चर्चा, स्टेशनवरचा फोन, कचऱ्याच्या डब्याचं आपटणारं झाकण: इथून सुरुवात करा. डोळ्यांची पट्टी आणि इअरप्लग फक्त त्यालाच, ज्याला ते हवे आहेत आणि जो स्वतःच्या हाताने काढू शकतो. गोंधळलेल्या पेशंटचे डोळे झाकणं म्हणजे भीतीत भर.

## पायरी ५: रात्री चुळबुळ सुरू झाली तर, बोलसच्या आधी

हात ट्यूबपर्यंत पोचला असेल आणि ट्यूब निघण्याचा धोका असेल तर आधी हात धरा, ट्यूब धरा, मदत बोलवा. त्या क्षणी बोलस आधी द्यावा लागला तर द्या. बाकी प्रत्येक वेळी खालचा क्रम पाळा. सवय झाली की दोन-तीन मिनिटांत होतो.

एक, श्वास. आधी छाती बघा, मग मॉनिटर. ट्यूब सरकली का, अडकली का, छातीत हवा साठली का, मशीन किंवा नळीत बिघाड आहे का. ऑक्सिजन कमी पडलेला पेशंट अस्वस्थच होणार. त्याला गुंगी दिली तर धोक्याची खूण तेवढी पुसली जाते.

दोन, दुखणं. विचारा. हा वयोगट मान हलवून, बोटांनी शून्य ते दहा दाखवून उत्तर देऊ शकतो, तरी आपण तान्ह्या बाळासारखा चेहरा वाचत बसतो. टाक्यांची जागा, पाठ, टाचा, सलाइनची जागा, ट्यूबने दाबलेला ओठाचा कोपरा. मिडाझोलामने दुखणं थांबत नाही, फक्त सांगण्याची ताकद जाते.

तीन, साध्या तक्रारी. कॅथेटर तुंबलाय का? पोट फुगलंय का, किती दिवस शौचाला झालं नाही? ओपिऑइडमुळे अंगाला खाज सुटते, आणि हात बांधलेल्या किंवा हातमोज्यात असलेल्या पेशंटचे ते हाल विचारू नका. कोरडं तोंड, ओली चादर, गरम होणं, पाळीचं दुखणं.

चार, भीती. कानाशी, हळू आवाजात, नावाने हाक मारून चार वाक्यं: तू कुठे आहेस, किती वाजलेत, ट्यूब काही दिवसांसाठीच आहे, मी इथेच आहे. आई किंवा बाबा बाहेर असतील तर आत बोलवा. मुलगा दाढी फुटलेला असला म्हणून आई नको असते असं नाही.

पाच, डेलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक उद्भवणारा मेंदूचा गोंधळ. तो तपासण्याच्या सीएपीडी स्केलमध्ये आठ प्रश्न असतात. ९ किंवा जास्त स्कोअर आला तर डेलिरियम धरून कारण शोधा. हा स्कोअर शिफ्टमधल्या निरीक्षणावर आधारित असतो, एका क्षणावर नाही. पी-कॅम-आयसीयू ही दुसरी तपासणी; ते स्केल पाच वर्षांवरच्या मुलांना चालतं आणि त्यात पेशंटचा सहभाग लागतो. रास −४ किंवा −५ असेल तर दोन्ही करू नका, पेशंट हलका झाल्यावर करा. आणि एक लक्षात घ्या: दिवसभर गप्प, मंद, कशातच लक्ष नसलेला पेशंट हाही डेलिरियममध्ये असू शकतो. त्याच्याबद्दल कोणी तक्रार करत नाही, म्हणून तो निसटतो.

सहा, विड्रॉवल, म्हणजे शरीराला सवय झालेलं औषध कमी झाल्यावर होणारा त्रास. गेल्या एक-दोन दिवसांत फेन्टानिल किंवा मिडाझोलाम कमी केलंय का? जांभया, शिंका, घाम, थरथर, जुलाब, ताप दिसतात का? वॅट-१ स्केल ० ते १२ असतं. ३ किंवा जास्त आला तर विड्रॉवलचा विचार करा. पाच दिवस किंवा जास्त सलग इन्फ्युजन चाललेल्यांत धोका जास्त. इथे नवीन शामक औषध नको, औषध कमी करण्याचा वेग बदलायला हवा.

सात, आता सेडेशन. आधी बोलस, मग परिणाम बघा. बोलस वारंवार लागत असतील तरच इन्फ्युजन वाढवा. वाढवताना चार्टवर दोन गोष्टी लिहा: का वाढवलं आणि किती वाजता पुन्हा कमी करून बघायचं.

तपासा: 'अस्वस्थ होता म्हणून दिलं' एवढीच नोंद असेल तर ती अपुरी आहे. वरच्या सहापैकी काय बघितलं, ते लिहा.

## पायरी ६: औषध निवडताना

अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांचा कल व्हेंटिलेटरवरच्या मुलांमध्ये डेक्समेडेटोमिडिनसारखी अल्फा-२ गटातली औषधं आधी वापरावीत, बेन्झोडायझेपिन (मिडाझोलामचा गट) शक्य तितकी कमी ठेवावीत, असा आहे. व्यवहारात एवढं सांभाळा:

डेक्समेडेटोमिडिनवर नाडी आणि बीपी खाली जाऊ शकतात. बोलस देण्याची घाई नको. अनेक दिवस चालल्यावर ते झटक्यात बंद केलं तर नाडी-बीपी उसळतात आणि पेशंट तगमगतो, म्हणून टप्प्याटप्प्याने उतरवा.

प्रोपोफॉल ट्यूब काढण्याआधीच्या थोड्या तासांसाठी सोयीचं असतं. जास्त डोसमध्ये लांबवलं तर रक्त आम्लधर्मी होणं, स्नायू विरघळणं, हृदय मंदावणं असा जीवघेणा प्रकार होऊ शकतो. 'शरीर मोठ्या माणसाएवढं आहे' म्हणून हा धोका टळत नाही.

मेलाटोनिनने फारसं नुकसान होत नाही, पण व्हेंटिलेटरवरच्या किशोरांसाठी त्याचा भक्कम पुरावा नाही. द्यायचंच तर पेशंटच्या स्वतःच्या झोपेच्या वेळेआधी द्या, आणि हळूहळू विरघळणारी गोळी कुटून नळीतून देऊ नका.

झोपेसाठी म्हणून प्रोमेथाझिन किंवा तत्सम अँटिहिस्टामिन नको; त्यांनी डेलिरियम बिघडतो. हॅलोपेरिडॉल आणि क्वेटियापिन ही झोपेची औषधं नाहीत. ईसीजीवर क्यूटी (ठोक्यातलं एक अंतर) न बघता तर नाहीच नाही.

## पायरी ७: हात न लावण्याची वेळ राखा

झोपेचं एक चक्र साधारण नव्वद मिनिटांचं असतं. त्याहून कमी अंतराने उठवत राहिलो तर गाढ झोप आणि आरईएमपर्यंत पेशंट पोचतच नाही. म्हणून निदान दोन सलग तासांचे दोन तुकडे मोकळे ठेवा. जमलं तर चार तास सलग. ते पेशंटच्या घड्याळाप्रमाणे ठेवा. बाराला झोपणाऱ्या मुलासाठी साडेबारा ते साडेचार आणि नंतर पावणेपाच ते साडेसात हे दहा ते सहापेक्षा कितीतरी उपयोगी ठरतं.

या वेळेत नाडी, बीपी, ऑक्सिजन, व्हेंटिलेटरचे आकडे, लघवीचं माप हे सगळं हात न लावता लिहिता येतं. धमनीत बीपी मोजणारी लाइन नसेल तर दंडाच्या पट्ट्याने बीपी किती वेळाने घ्यायचा ते संध्याकाळीच ठरवून घ्या. कूस बदलणं, सक्शन, तोंडाची काळजी ही कामं दोन तुकड्यांच्या मध्ये एकत्र करा.

थांबा: झोपेच्या नावाखाली कूस बदलणं टाळू नका, आणि कफ साचल्याचा आवाज येत असताना सक्शन पुढे ढकलू नका. दाबाने त्वचा लवकर खराब होणाऱ्यांसाठी तुकडे लहान करा.

फक्त स्कोअर लिहिण्यासाठी झोपलेल्याला हाक मारून उठवण्याचीही गरज नाही. झोपण्याआधी तो लक्ष्यात होता, श्वास शांत आहे, नाडी-बीपी ठीक आहे, तर 'झोपलेला, उठवला नाही' अशी नोंद पुरे. आधीच खोल गेलेल्याला मात्र ही सवलत नाही, तिथे स्कोअर घ्या आणि डोस कमी करण्याबद्दल विचारा.

## पायरी ८: सकाळी मोजा, पण जपून

बंद डोळे पाहून केलेला आपला अंदाज बहुधा जास्तच येतो. मनगटावरचं हालचाल मोजणारं यंत्रही फसतं, कारण औषधाने निश्चल पडलेला पेशंट त्याला झोपलेलाच वाटतो. बीआयएसचा (कपाळावरच्या पट्टीने मेंदूच्या लहरी मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा गुंगीतही उतरतो आणि झोपेतही, म्हणून त्यावरून फरक सांगता येत नाही. पॉलिसोम्नोग्राफी (झोपेत मेंदूच्या लहरी आणि श्वास नोंदणारी तपासणी) हीच खरी मोजणी, पण ती रोज शक्य नाही.

उत्तर देऊ शकणाऱ्या पेशंटला सरळ विचारा. रिचर्ड्स-कॅम्पबेल प्रश्नावलीत पाच गोष्टी विचारतात: झोप किती गाढ होती, लागायला किती वेळ लागला, किती वेळा जाग आली, परत झोप लागली का, एकूण कशी झाली. ती प्रौढांसाठी बनलेली आहे, तरी समजूतदार किशोर रेषेवर बोट ठेवून उत्तर देतो. उत्तर न देणाऱ्यासाठी साधी मोजणी करा: रात्री कितीदा, कोणी, कशासाठी उठवलं. हा तक्ता आठवडाभर भिंतीवर लावला की झोपमोड कुठून होते ते आपोआप दिसतं.

हँडओव्हरची नोंद अशी असावी:

*'१२:४० ते ३:१० शांत, हात लावला नाही. ३:१० सक्शन, कूस बदलली, ३:३५ला पुन्हा शांत. ५:५० जाग, पाठ दुखते असं खुणेने सांगितलं, पॅरासिटामॉल दिलं. रात्री सेडेशनचा बोलस नाही. सीएपीडी ७. सकाळी विचारल्यावर झोप "बरी" म्हणाला.'*

## पायरी ९: सेडेशन उतरवताना आणि ट्यूब निघाल्यावर

एका वेळी एकच औषध कमी करा. ओपिऑइड आणि बेन्झोडायझेपिन दोन्ही एकाच दिवशी ओढलं तर अस्वस्थता कशामुळे आली ते कळत नाही, आणि रात्री पुन्हा दोन्ही वाढवली जातात. कपात सकाळी करा, म्हणजे परिणाम दिवसाउजेडी, पूर्ण टीम हजर असताना दिसेल. प्रौढांप्रमाणे रोज सेडेशन पूर्ण बंद करून बघण्याची पद्धत मुलांमध्ये सरसकट वापरण्याइतका पुरावा नाही.

विड्रॉवलचा धोका असलेल्यांमध्ये वॅट-१ शिफ्टमध्ये निदान एकदा, आणि शेवटचा डोस गेल्यावर आणखी ७२ तास चालू ठेवा. पेशंट वॉर्डात गेला म्हणून स्केल थांबवणं ही नेहमीची चूक आहे.

ट्यूब निघाल्यावरच्या पहिल्या काही रात्री बहुधा वाईटच जातात: भयंकर स्वप्नं, उलटं झालेलं दिवस-रात्रीचं चक्र, न घडलेल्या गोष्टी घडल्याची पक्की आठवण. मुलाला आणि पालकांना हे आधीच सांगा. 'माझ्या अंगावर किडे सोडले होते' असं तो म्हणाला तर वाद घालू नका आणि हसण्यावारीही नेऊ नका. काय ऐकू येत होतं, कोणतं मशीन शेजारी होतं, ते सांगून त्याला खरी गोष्ट जुळवू द्या.

वॉर्डाकडे जाणाऱ्या कागदात चार ओळी जरूर लिहा: झोपेची त्याची स्वतःची वेळ, कोणती शामक औषधं किती दिवस चालली आणि शेवटचा डोस कधी, शेवटचे सीएपीडी आणि वॅट-१ स्कोअर, आणि झोपेसाठी आयसीयूत सुरू केलेलं औषध कोणत्या तारखेला बंद करायचं. शेवटची ओळ राहिली तर आयसीयूतलं क्वेटियापिन किंवा क्लोनिडिन (डेक्समेडेटोमिडिनच्याच गटातलं औषध) डिस्चार्जच्या कागदावर जातं आणि घरी महिनोन्महिने चालू राहतं.